अफू, आगपेटी आणि उद्योजकता: जेफ्री जोन्स यांच्या केसेस आपल्या वर्गात कशा चालतात

उद्योजकतेच्या आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासक्रमांत नीतिमत्ता शेवटच्या घटकात येते. तोवर सेमिस्टर संपत आलेलं असतं, बिझनेस प्लॅनची सादरीकरणं डोक्यावर असतात आणि 'सामाजिक जबाबदारी'च्या चार व्याख्या उतरवून विषय मिटतो. इतिहासाची गत त्याहून वाईट. पहिल्या तासाला जमशेटजी टाटांचा फोटो, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर, धीरूभाईंचं एडन, की झाला इतिहास. मुलांच्या मनात एवढंच उरतं की मोठी माणसं जिद्दी होती.

हार्वर्ड बिझनेस स्कूलमधले जेफ्री जोन्स यांनी उलट वाट धरली. ते मूळचे ब्रिटिश, व्यवसायाच्या इतिहासाचे प्राध्यापक. केंब्रिज, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि रेडिंग इथे शिकवून २००२ मध्ये हार्वर्डला आले. त्यांच्याकडे असलेलं इसिडॉर स्ट्रॉस अध्यासन व्यवसायाच्या इतिहासासाठीच आहे. १९२७ मध्ये ग्रास, पुढे आल्फ्रेड चँडलर आणि थॉमस मॅक्रॉ अशी माणसं त्यावर होती. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला जोन्स यांनी शिकवलेल्या ऐच्छिक विषयाचं नाव 'आंत्रप्रन्युअरशिप अँड ग्लोबल कॅपिटलिझम'. जागतिकीकरणाची एकोणिसाव्या शतकातली पहिली लाट, दोन महायुद्धांच्या काळातली तिची पीछेहाट आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली दुसरी लाट अशा क्रमाने तो जातो. नीतीचा वेगळा घटक त्यात नाही, कारण तो प्रत्येक व्यवहाराच्या आतच बसवलेला आहे.

हार्वर्डला न जाताही हे वापरता येतं. जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या केसेस, म्हणजे वर्गात चर्चेसाठी मांडलेले खरे व्यावसायिक प्रसंग, सुट्या विकत मिळतात. इथे परीक्षण आहे ते त्या केसेसचं, महाराष्ट्रातल्या एमबीए, एमएमएस किंवा बीबीएच्या वर्गात त्या कितपत चालतात या अंगाने. निकाल आधीच सांगतो: उद्योजकता आणि नीती एकत्र शिकवायला याहून चांगलं साहित्य सहज मिळत नाही. पण जसंच्या तसं वापरलं तर ते फसतं, आणि फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

आधी मिळवण्याचं. हार्वर्ड बिझनेस पब्लिशिंगच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर शिक्षक म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठी कॉलेजचा ईमेल किंवा विभागाच्या पानावरचं नाव लागतं. पडताळणी झाली की केसेस वाचून पाहता येतात. वर्गात वाटायच्या असतील तर प्रत्येक विद्यार्थ्यामागे प्रत विकत घ्यावी लागते. किंमत डॉलरमध्ये, म्हणून साठ मुलांचा वर्ग आणि चार केसेस असं गणित मांडून विभागप्रमुखांची मंजुरी सेमिस्टर सुरू होण्याआधीच घ्या. शिक्षकांसाठीची टिपणं सगळ्या केसेसना नसतात, तेव्हा निवड करतानाच ते तपासा. एक प्रत घेऊन झेरॉक्स काढण्याचा रिवाज इथे चालवू नये. परवान्यात ते बसत नाही, आणि विषयच असा आहे की मुलं पहिला प्रश्न त्यावरच विचारतील. बजेट कमी असेल तर केसेस कमी करा. दोन केसेस नीट झाल्या तरी पुष्कळ.

त्या दोन कोणत्या, तर क्रूगर आणि अफू. याच क्रमाने.

'इव्हार क्रूगर अँड द स्वीडिश मॅच एम्पायर' ही केस आधी घ्यायची, कारण इथे मत देण्याआधी हिशोब करावा लागतो. क्रूगर स्वीडनचा स्थापत्य अभियंता. १९०८ मध्ये पॉल टोल यांच्यासोबत त्याने बांधकाम कंपनी काढली, प्रबलित काँक्रीटची कामं घेतली. मग घरच्या आगपेटीच्या धंद्याकडे वळून १९१७ मध्ये स्वीडिश मॅच ही एकत्रित कंपनी उभी केली. खरी कल्पकता पुढे आहे. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातली सरकारं कर्जासाठी दारोदार फिरत होती आणि अमेरिकेत पैसा गुंतवणूक शोधत होता. क्रूगरने अमेरिकेत रोखे विकले, आलेला पैसा सरकारांना कर्जाऊ दिला आणि बदल्यात त्या देशातली आगपेट्यांची मक्तेदारी घेतली. १९२५ मध्ये पोलंड. १९२७ मध्ये फ्रान्सला ७.५ कोटी डॉलर. तिथे मक्तेदारी मिळाली नाही, पुरवठ्याचे करार मिळाले. ऑक्टोबर १९२९ मध्ये, वॉल स्ट्रीट कोसळत असतानाच, जर्मनीशी १२.५ कोटी डॉलरचा करार.

इथे थांबून फळ्यावर गणित करायचं. जर्मनीचं कर्ज ६ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला ७५ लाख डॉलर व्याज. आता मुलांना सांगा की हा पैसा उभा करायला ८ टक्के खर्च येतो असं धरा (हा आकडा वर्गापुरता). खर्च झाला १ कोटी, खोट २५ लाख. १० टक्के धरला तर खोट ५० लाख. ही खोट कुठून भरायची? मक्तेदारीतल्या नफ्यातून. म्हणजे जर्मनीतल्या प्रत्येक आगपेटीवर किती जादा नफा हवा, वर्षाला किती पेट्या खपायला हव्यात, हे मुलांनी काढायचं. क्रूगर अँड टोल कंपनी वर्षानुवर्षं २५ टक्के लाभांश वाटत होती, हा आकडा त्याशेजारी लिहायचा. वीस मिनिटांत वर्गाला कळतं की नवा पैसा येत राहिला तरच हे चक्र फिरतं. कोणीही 'फसवणूक' हा शब्द अजून उच्चारलेला नसतो.

त्यानंतरचा प्रश्न केसचा प्राण आहे: धंदा नेमक्या कोणत्या दिवशी लबाडीत शिरला? बहुतेक मुलं इटलीच्या बनावट रोख्यांवर बोट ठेवतात. क्रूगरने इटालियन सरकारचे सुमारे २.८ कोटी पौंडांचे रोखे छापून घेतले आणि सह्या स्वतःच ठोकल्या. उत्तर सोपं आहे, म्हणूनच ते लगेच स्वीकारू नका. मागे जायला लावा. १९२३ मध्ये अमेरिकेत इंटरनॅशनल मॅच कॉर्पोरेशन निघाली आणि तिथला पैसा लिश्टेनश्टाइनमधल्या वाडुझच्या कंपनीकडे वळू लागला. तिथली वही कोणी पाहिली? अमेरिकेतल्या हिशेब तपासनीसाने उपकंपन्यांचे आकडे ऐकीव माहितीवर ताळेबंदात घेतले, तेव्हा जबाबदारी कोणाची? बोस्टनची ली, हिगिन्सन ही पेढी रोखे विकत होती आणि कमिशन घेत होती, तिने काय विचारायला हवं होतं? १२ मार्च १९३२ रोजी पॅरिसमध्ये क्रूगरने गोळी झाडून घेतली आणि त्यानंतर प्राइस वॉटरहाउसने वह्या उघडल्या. अमेरिकेचे १९३३ आणि १९३४ चे रोखे कायदे आले त्यामागे जी प्रकरणं होती त्यांत हे एक मोठं.

फळ्याची मांडणी आधीच ठरवा. तीन रकाने: 'तेव्हा माहीत होतं', 'विचारलं असतं तर कळलं असतं', 'नंतर कळलं'. मुलगा काही बोलला की ते कोणत्या रकान्यात जातं हे त्यानेच सांगायचं. निम्मी विधानं तिसऱ्या रकान्यात जातात आणि आपण निकाल माहीत असल्यामुळे शहाणे झालो आहोत हे मुलांना आपोआप दिसतं. नीतीची खरी चर्चा मधल्या रकान्यात असते. तो रिकामा राहिला तर तास फसला असं समजा.

आणखी एक खबरदारी. क्रूगरला निव्वळ ठग ठरवून तास संपवू नका. त्याच्या मागे स्वीडिश मॅच टिकली. जर्मनीतली आगपेट्यांची मक्तेदारी तर १९८३ पर्यंत चालली, कर्ज फिटेपर्यंत. कारखाने खरे होते, कर्जं खरी होती, माल खरा होता. खऱ्या धंद्याला खोट्या आकड्यांचा टेकू दिला गेला, आणि म्हणूनच भल्याभल्यांना ते ओळखता आलं नाही.

या केसला महाराष्ट्राचा एक धागा आहे आणि तो शिक्षकाने स्वतः जोडायला हवा. १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारने आयात आगपेट्यांवर ग्रोसमागे (१४४ पेट्यांमागे) दीड रुपया शुल्क लावलं. बाहेरून माल आणणं परवडेना, तेव्हा स्वीडिश मॅचने इथेच कारखाने काढले. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी म्हणजे विम्को निघाली. अंबरनाथचा विम्को नाका ठाऊक असलेल्या मुलांना क्रूगर मग परका वाटत नाही. त्याच शुल्काचा फायदा घेऊन शिवकाशीत अय्या नाडर आणि षण्मुग नाडर यांनी आगपेट्यांचा धंदा सुरू केला. कलकत्त्याला जाऊन ते काम शिकून आले होते. शुल्क एकच, उद्योजक दोन प्रकारचे: एक जागतिक भांडवलाचा, दुसरा हातमजुरीचा. विम्कोच्या स्पर्धेने देशी कारखाने मरतात का, याची छाननी टॅरिफ बोर्डाने १९२८ च्या अहवालात केली. एवढं झालं की वर्ग 'स्वदेशी चांगलं, विदेशी वाईट' असा निकाल देऊन मोकळा होतो. तेव्हा १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर ठेवा. शिवकाशीच्या कारखान्यांतल्या बालमजुरीवरच्या त्या खटल्यात मालकाने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये भरावेत असा आदेश होता. पूर्वी केलेला निवाडा मुलांना पुन्हा तपासावा लागतो. ही जोड दोन छापील पानांत मावते, आणि केसचं मोल तिने दुप्पट होतं.

आता अफू. 'ऑपियम अँड आंत्रप्रन्युअरशिप इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी' ही केस जोन्स यांनी दोन सहलेखकांसोबत लिहिली. मध्यभागी जार्डिन मॅथेसन ही पेढी आणि चीनचा व्यापार. ब्रिटनला चहा हवा, चीनला ब्रिटनचा माल नको, चांदी तर संपत चाललेली. ही फट हिंदुस्थानातल्या अफूने भरली. १८३९ मध्ये चीनचे आयुक्त लिन यांनी २०,००० हून जास्त पेट्या जप्त करून नष्ट केल्या, युद्ध झालं, १८४२ च्या नानकिंग तहात चीनला २.१ कोटी डॉलरची भरपाई द्यावी लागली आणि त्यातले ६० लाख नष्ट केलेल्या अफूचे होते.

ही केस आधी घेतली तर मुलं पहिल्या पाच मिनिटांत 'अफू वाईट' म्हणून मोकळी होतात आणि पुढचा वेळ कसा भरायचा असा प्रश्न शिक्षकाला पडतो. क्रूगरनंतर घेतली तर हात आपोआप हिशोबाकडे जातो. उद्योजकतेच्या कोणत्याही कसोटीवर हे व्यापारी उत्तम ठरतात: माहितीचं जाळं, वेगवान जहाजं, उधारी-हुंडीची व्यवस्था, जोखमीची वाटणी. स्वतःजवळ असलेल्या साधनांच्या पलीकडची संधी गाठणं, ही उद्योजकतेची हार्वर्डमध्येच हॉवर्ड स्टीव्हन्सन यांनी केलेली प्रसिद्ध व्याख्या इथे तंतोतंत लागू पडते. ते मुलांकडून आधी वदवून घ्या. संपूर्ण कौतुक फळ्यावर आलं की मग विचारा, या यादीतलं काय बदललं तर तुम्ही हे काम केलं नसतं?

हमखास येणारं उत्तर: 'तेव्हा सगळेच करत होते, तेव्हा ते कायदेशीर होतं.' इथे तयारी नसलेला शिक्षक अडकतो. चीनमध्ये ते बेकायदा होतं, हे पहिलं. आणि सगळेच करत नव्हते, हे दुसरं आणि जास्त महत्त्वाचं. चीनच्या कँटन बंदरात ऑलिफंट अँड कंपनी ही अमेरिकन पेढी अफूला हात न लावता व्यापार करत होती. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जवळचं: दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले आणि अफू-दारूच्या नफ्यात वाटा नको म्हणून काही वर्षांतच बाहेर पडले. १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची पेढी काढली. दोन्ही नावं त्याच काळातली, त्याच धंद्यातली, त्याच बाजारातली. 'काळच तसा होता' हा बचाव त्यांच्यापुढे टिकत नाही. ही दोन उदाहरणं हातात असल्याशिवाय या तासाला उभं राहू नये.

मग मुंबई. माळव्याची अफू मुंबईतून निघायची. बंगाल इलाख्यात सरकारची मक्तेदारी होती, उचल देऊन शेतकऱ्याकडून अफू पिकवून घेतली जाई. माळवा संस्थानांचा मुलूख, तिथे व्यापारी-सावकारांचं राज्य, आणि कंपनी सरकार मुंबईत पेटीमागे पासाचे (माल नेण्याच्या परवान्याचे) पैसे घ्यायचं. १८३५ मध्ये हा दर १२५ रुपये होता. १८४३ मध्ये सिंध ब्रिटिशांकडे आला, माल दुसऱ्या वाटेने नेण्याची सोय संपली आणि १८४७ पर्यंत दर ४०० वर गेला. हा एक आकडा वर्गात दहा मिनिटं फिरवण्यासारखा आहे. पर्यायी वाट बंद झाली की सरकार किती कर उकळू शकतं, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा इथे स्वच्छ दिसतं. अफूच्या नफ्यात सरकार किती खोल बुडालं होतं, तेही.

जमशेटजी जीजीभॉय यांनी विल्यम जार्डिनबरोबर व्यापार केला आणि त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग या चीन व्यापारातला. जे. जे. रुग्णालय, जे. जे. कला महाविद्यालय त्यांच्या दानातून उभं राहिलं. माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये झाला तो त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून. पुण्यात बंडगार्डनच्या बंधाऱ्याला जमशेटजींची मोठी देणगी आहे. डेव्हिड ससून यांची पेढीही अफूत होती आणि ससून रुग्णालय त्यांच्या दानातलं. पुण्या-मुंबईच्या वर्गात या नावांनी शांतता पसरते, कारण त्या रुग्णालयांत मुलांच्या घरची माणसं उपचार घेऊन आलेली असतात.

इथली चूक फार घडते: चर्चा एखाद्या समाजावर घसरते. अफूच्या व्यापारात पारशी होते, गुजराती आणि मारवाडी होते, बगदादी ज्यू होते, स्कॉटिश होते, बोस्टनची घराणी होती. ही यादी सुरुवातीलाच फळ्यावर लिहिली की वळण टळतं. नंतर प्रश्न दोन भागांत तोडा: पैसा कसा मिळवला आणि कसा वापरला. दुसऱ्याने पहिलं धुऊन निघतं का? तुमचं कॉलेज आज अशी देणगी घेईल का, कोणत्या अटीवर? यावर प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्या आणि 'दोन्ही बाजू बरोबर आहेत' असं लिहिलेलं पान परत करा. बाजू घ्यायची आणि त्या बाजूचा सगळ्यात कच्चा दुवा स्वतःच दाखवायचा, ही अट.

या दोन केसेस शेजारी ठेवल्या की अभ्यासक्रमाचं मोल कळतं. क्रूगर बुडाला. जार्डिन मॅथेसन आजही हाँगकाँगमधला बलाढ्य उद्योगसमूह आहे. सचोटीने वागलं की धंदा वाढतो, लबाडी केली की शिक्षा होते, हे आश्वासन आपण नीतीच्या तासाला सर्रास देतो आणि इतिहास त्याला दुजोरा देत नाही. जोन्स यांच्या केसेस ते आश्वासन देतच नाहीत. नफा होत असताना, कायदा आड येत नसताना, शिक्षा होणार नाही हे दिसत असताना माणसाने काय करावं, एवढाच प्रश्न त्या उघडा ठेवतात. तास संपताना शिक्षकाने 'म्हणून प्रामाणिक राहा' असं म्हणून तो बंद केला, तर मुलं पुढच्या वेळी विचार करत नाहीत, शिक्षकाला हवं ते उत्तर शोधतात.

बाकीच्या केसेसबद्दल थोडक्यात. युनायटेड फ्रूट ही अमेरिकन केळी-कंपनी आणि ग्वाटेमाला यांच्यावरची केस चांगली आहे, पण शीतयुद्धाची पार्श्वभूमी सांगण्यात वेळ फार जातो. वेळ नसेल तर तिच्यातला एकच मुद्दा घ्या. १९५२ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली सरकारने कंपनीची पडीक जमीन घेतली आणि भरपाई ठरवली ती कंपनीनेच करासाठी जाहीर केलेल्या किमतीवर: सुमारे ६ लाख २८ हजार डॉलर. कंपनीच्या वतीने मागणी झाली जवळपास १ कोटी ५९ लाखांची. १९५४ मध्ये सीआयएच्या मदतीने सरकार उलथलं. करासाठी एक किंमत आणि विकताना दुसरी, हे आपल्या मुलांना नवं नाही. रेडी रेकनर आणि प्रत्यक्ष भाव यातलं अंतर घरोघरी माहीत आहे. म्हणूनच हा तास तापतो.

आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन, त्यांची कंपनी आणि नाझी जर्मनी ही केस वजनदार आहे, पण पूर्वतयारीशिवाय देऊ नका. आयबीएमची जर्मन उपकंपनी डेहोमॅग, तिची पंचकार्डं, १९३३ ची जनगणना, १९३७ मध्ये वॉटसनना मिळालेलं जर्मन पदक आणि १९४० मध्ये त्यांनी ते परत केलं, हे सगळं कालक्रमाने समोर नसेल तर मुलं १९४५ नंतरची माहिती १९३५ च्या माणसावर लादतात. एका पानाची सनावळी काढून केससोबत द्या: १९३३ (हिटलर सत्तेवर), १९३५ चे ज्यूंविरुद्धचे न्यूरेंबर्ग कायदे, नोव्हेंबर १९३८ चं ज्यूंविरुद्धचं हत्याकांड, १९३९ (महायुद्धाची सुरुवात), डिसेंबर १९४१ (अमेरिका युद्धात). प्रश्न एकच: यातल्या कोणत्या तारखेला तुम्ही बाहेर पडला असता, आणि त्या दिवशी कंपनीला काय गमवावं लागलं असतं? वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवरची केस भरपाईच्या कायदेशीर प्रश्नांत शिरते. ती कायदा शिकलेल्या वर्गासाठी ठेवा.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. केस पद्धत मुळातच निर्णय घेणाऱ्या माणसाच्या खुर्चीवरून बघते. अफू पिकवणारा माळव्यातला शेतकरी, केळीच्या मळ्यातला मजूर, आगपेट्या भरणारी बाई यांच्या बाजूने प्रश्न उभा राहत नाही; तो शिक्षकाने उभा करावा लागतो. मुंबईत शिकवत असाल तर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप हा त्यावरचा उत्तम पूरक विषय आहे. त्याची छापील केस शोधत बसू नका, त्या काळची वर्तमानपत्रं आणि मुलांच्या आजोबांच्या पगारचिठ्ठ्या पुरतात.

दुसरी अडचण भाषेची. पंचवीस-तीस पानं दाट इंग्रजी, वर तळटीपा आणि तक्ते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात अर्धा वर्ग ती वाचून येत नाही आणि मग शिक्षक व्याख्यान देऊ लागतो. तिथे केस मेली. उपाय साधा आहे. आठ दिवस आधी मराठीत एक पानाचा सारांश आणि पाच प्रश्न द्या, चारचार जणांच्या गटाला केसमधला एकेक तक्ता वाटून द्या, आणि वर्गात चर्चा सरळ मराठीत करा. तक्ता नीट वाचलेला गट वर्गाला पुढे नेतो. हार्वर्डचा तास ८० मिनिटांचा असतो. आपल्याकडे ६० मिनिटांत क्रूगर संपत नाही, म्हणून जोडतास मागून घ्या.

तिसरी अडचण मुलांच्या बाजूची, आणि ती रास्त आहे. ज्याला भोसरीच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगचं युनिट टाकायचं आहे किंवा टिफिन सर्व्हिस सुरू करायची आहे, त्याला जागतिक भांडवलशाहीच्या या गोष्टी लांबच्या वाटतात. प्रत्येक केसनंतर दहा मिनिटं त्याच्यासाठी राखा. क्रूगरनंतर: बँकेला दाखवायच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये विक्रीचा आकडा किती फुगवता, आणि तो फुगवलेला आहे हे कोणाकोणाला माहीत असतं? अफूनंतर: कोणत्या गिऱ्हाइकाला माल नाकाराल? ही दहा मिनिटं नसतील तर अभ्यासक्रम हुशार मुलांच्या वादविवादापुरता राहतो.

परीक्षेचं काय, हा प्रश्न विद्यापीठाच्या चौकटीत येतोच. 'उद्योजकाचे गुण सांगा' छापाच्या प्रश्नाने सगळी मेहनत पाण्यात जाते. स्वायत्त कॉलेज असेल तर अंतर्गत गुणांतले निम्मे वर्गातल्या सहभागाला द्या आणि उरलेल्यांसाठी न पाहिलेली दोन पानी केस द्या, त्याच तीन रकान्यांत उत्तर मागा. संलग्न कॉलेजात हे अंतर्गत मूल्यमापनातच बसवावं लागेल.

स्थानिक साहित्याची जोड द्यायची तर दोन ठिकाणं आहेत: पुण्याचं टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज आणि विक्रोळीचं गोदरेज अर्काइव्ह्ज. मूळ पत्रं, ताळेबंद, जाहिराती हातात आल्या की केस कशी लिहिली जाते हे मुलांना समजतं. कंपनीने स्वतः जपलेल्या संग्रहात काय असतं आणि काय नसतं, हा प्रश्न मात्र जाण्याआधीच त्यांच्यापुढे ठेवा.

शेवटच्या सत्रासाठी पैसे लागत नाहीत. हार्वर्डच्याच 'क्रिएटिंग इमर्जिंग मार्केट्स' या उपक्रमात विकसनशील देशांतल्या उद्योजकांच्या दीर्घ मुलाखती आहेत, त्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्यातली सिप्लाच्या युसूफ हमीद यांची निवडा. २००१ मध्ये सिप्लाने एड्सवरची तीन औषधांची मात्रा रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, ती डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला; सरकारांसाठी दर ६०० डॉलर होता. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या त्याच उपचाराचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होता. सिप्लाला हे जमलं ते १९७० च्या पेटंट कायद्यामुळे, कारण त्यात औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट होतं. २००५ पासून ती मुभा गेली. फळ्यावर दोन्ही दर आणि पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत लिहा आणि विचारा: मूळ संशोधनाचा खर्च कोणी भरायचा? ३५० मध्ये सिप्लाला नफा होत असेल तर हे दान की धंदा? या सत्राला जोडतास हवाच. एका तासात प्रक्रिया-पेटंट आणि उत्पादन-पेटंट यांतला फरक समजावेपर्यंत घंटा होते आणि खरा प्रश्न पुढच्या आठवड्यावर जातो.